पाणथळ जागा बुजवायला सरकार परवानगी देतंच कसं? बदल्यात दुसरीकडे नवी केली तर भरपाई होते ना?

कारण पाणथळ जागा वाचवणारे कायदे बऱ्याचदा सरसकट बंदी घालत नाहीत, फक्त ‘आधी विचारा’ म्हणतात. अमेरिकेचंच घ्या. १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम ४०४ खाली लष्कराचं अभियंता दल परवाने देतं. क्रम ठरलेला: आधी नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, उरेल त्याची भरपाई करा. कागदावर पहिली पायरी सगळ्यात मोठी, पण घासाघीस रंगते ती तिसरीवर.

भरपाई म्हणजे दुसरीकडे पाणथळ जागा तयार करायची, नाहीतर ‘मिटिगेशन बँके’कडून, म्हणजे अशा जागा तयार करून त्यांचं श्रेय विकणाऱ्याकडून, क्रेडिट विकत घ्यायचं. इथेच गोम आहे. खड्डा खणून पाणी भरलं की तळं होतं, पाणथळ नाही. चिखलात चोच खुपसून किडे टिपणाऱ्या पक्ष्याला घोटाभर पाणी आणि उतरता काठ लागतो; उभ्या काठाच्या तळ्यात त्याला पाय टेकायला जागाच नसते. पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती तर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढते. २००१ मध्ये तिथल्याच नॅशनल रिसर्च काउन्सिल या वैज्ञानिक सल्लागार संस्थेने सांगून टाकलं, की ‘निव्वळ घट शून्य’, म्हणजे जेवढं जाईल तेवढं भरून काढायचं, हे उद्दिष्ट या परवान्यांतून साधत नाहीये.

शिवाय परवाना लागतो तो कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या जागेलाच. २०२३ च्या सॅकेट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती व्याख्या आकसली. नदी-तळ्याशी पृष्ठभागावरून सलग न जोडलेल्या दलदली केंद्राच्या कक्षेबाहेर गेल्या. आता त्या बुजवण्याच्या आड येणार तो राज्याचा कायदा, असलाच तर!