'एअर इंडिया वन'ला मराठीत काय म्हणावे?

धरणगावहून एका वाचकाने विचारले आहे : पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या बातमीत कुणी 'एअर इंडिया वन' लिहितो, कुणी 'विशेष विमान', तर कुणी 'शासकीय विमान'. यातले बरोबर कोणते? आणि याला नेमका मराठी शब्द आहे का?

आधी 'एअर इंडिया वन' घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. हे विमानाचे नाव नव्हे. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान आत असताना त्या विमानाला रेडिओवर ज्या नावाने हाक मारतात, ते हे नाव. अमेरिकेच्या 'एअर फोर्स वन'चेही तसेच. ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा देऊन अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन कॅलिफोर्नियाला निघाले. विमान हवेत असतानाच दुपारी बारा वाजता अध्यक्षपद उपाध्यक्ष फोर्ड यांच्याकडे गेले, आणि वैमानिकाने रेडिओवर 'एअर फोर्स वन' सोडून 'सॅम २७०००' हे नाव लावले. विमान तेच, आतला माणूसही तोच!

आपल्याकडे २०२० साली खास या कामासाठी दोन बोइंग ७७७ आली. ती वायुदल चालवते. त्यांच्या अंगावर ठळक अक्षरांत 'भारत' आणि 'इंडिया' लिहिलेले आहे, 'एअर इंडिया' नव्हे. ती कंपनी तर २०२२ मध्ये टाटांकडे गेली. वायुदलाकडच्या तीन लहान बोइंगना मात्र खरीखुरी नावे आहेत : 'राजदूत', 'राजहंस' आणि 'राजकमल'. आत कुणी बसो न बसो, राजहंस तो राजहंसच.

'शासकीय विमान' मालकी सांगते, पण महाराष्ट्रात ते वाचले की मुख्यमंत्र्यांचे विमान आधी आठवते. 'विशेष विमान' चालेल. मात्र एखाद्या पक्षाने भाड्याने घेतलेले विमानही विशेषच असते.

माझे मत विचाराल तर सरळ 'पंतप्रधानांचे विमान' लिहावे. षष्ठी म्हणजे मालकीच, असे थोडेच आहे? चाळीसगाव स्टेशनवर आपण 'धुळ्याची गाडी लागली का?' असे विचारतो, तेव्हा ती धुळेकरांच्या मालकीची असते का? कोण प्रवास करतो आहे, एवढेच इथे सांगायचे असते आणि ते षष्ठी चोख सांगते. अहिराणीत तर हे आपसूकच होते : 'पंतप्रधाननं इमान उनं.' वीसचे जसे 'ईस', तसे विमानाचे 'इमान'. (इमानदारीतले इमान अरबीतून आलेले, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

आपल्या नाडगावच्या लेक प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २००९ मध्ये पुण्याहून सुखोईतून उडाल्या. ते लढाऊ विमान. त्याला ना 'विशेष' शोभते ना 'शासकीय'. पण 'राष्ट्रपतींचे सुखोई आकाशात झेपावले' हे वाक्य तेवढ्या उड्डाणापुरते अगदी बिनचूक आहे.

'एअर इंडिया वन' लिहायचेच असेल तर अवतरणात लिहावे आणि विमानाप्रमाणे नपुंसकलिंगी चालवावे : 'उतरले', 'उतरली' नव्हे. आणि जळगावच्या सभेची बातमी देताना आधी खात्री करावी. बोइंग ७७७ उतरेल एवढी लांब धावपट्टी जळगावला नाही. नेते तिथे लहान विमानाने किंवा हेलिकॉप्टरने येतात, तेव्हा जे आले तेच लिहावे.