कुत्र्याचं क्लोनिंग: अडतं ते बीजांडापाशी

क्लोन, म्हणजे एखाद्या प्राण्याच्या पेशीपासून बनवलेली त्याची जनुकीय प्रत, असलेली डॉली मेंढी 1996 मध्ये जन्मली, मग कुत्र्याच्या क्लोनला 2005 का उजाडलं? आणि क्लोनसाठी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलेला कुत्र्याच्या कानाचा तुकडा चालेल का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात: बीजांड.

गाईची बीजांडं कत्तलखान्यातल्या अंडाशयांतून काढून प्रयोगशाळेत पिकवता येतात. कुत्रीचं बीजांड मात्र कच्चंच सुटतं आणि पुढचे दोन-तीन दिवस बीजवाहिनीत पिकतं. बाहेर काढून पिकवू म्हटलं तर फार थोडी हाती लागतात. त्यात कुत्री वर्षातून साधारण दोनदाच माजावर येते, आणि इंजेक्शनं देऊन माज आणणं भरवशाचं नाही. म्हणून रोज रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजायचं. ते मिलिलिटरला 4 ते 10 नॅनोग्रॅमवर गेलं की बीजांडं सुटली असं धरून साधारण 72 तासांनी शस्त्रक्रियेने बीजवाहिनी धुऊन घ्यायची. घाई केली तर बीजांडं कच्ची, उशीर केला तर शिळी.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दुसरी अडचण. चरबीमुळे बीजांड इतकं काळपट असतं की आतली गुणसूत्रं दिसत नाहीत. गुणसूत्रं चमकवणारा होएश्ट रंग देऊन अतिनील प्रकाशात क्षणभरच पाहायचं आणि ती सुईने ओढून काढायची. प्रकाश रेंगाळला तर बीजांडाला इजा होते. मग दात्याची, म्हणजे ज्याचा क्लोन हवा त्या कुत्र्याची, त्वचापेशी बीजांडाच्या कवचाच्या आत सरकवून विजेच्या झटक्याने दोन्ही एकजीव करायच्या. शुक्राणू नसल्याने विभाजनाला चालना रसायनांनी द्यावी लागते: आधी काही मिनिटं कॅल्शियम आयनोफोर, मग काही तास डीएमएपी. तयार भ्रूण लगेच सरोगेटच्या, म्हणजे गर्भ वाढवणाऱ्या दुसऱ्या कुत्रीच्या, बीजवाहिनीत जातात. तिचा माज बीजांड देणारीशी जुळायला हवा, तोही नैसर्गिक.

दक्षिण कोरियातल्या सेऊल राष्ट्रीय विद्यापीठात स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा जन्मला तेव्हा 1095 भ्रूण 123 कुत्र्यांमध्ये सोडले होते. गर्भ राहिले तीन, पिल्लं झाली दोन, त्यातलं एक 22 दिवसांत न्यूमोनियाने गेलं. (त्या चमूच्या प्रमुखाचे मानवी मूलपेशींचे दावे पुढे खोटे ठरले, स्नपी मात्र स्वतंत्र तपासणीत खराच क्लोन निघाला.)

आता कानाचा तुकडा. तसाच गोठवला असेल तर आशा सोडा: बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. प्रयोगशाळेत पेशींना बर्फापासून वाचवणारं डीएमएसओ हे रसायन घालून, सावकाश थंड करून मगच पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. कुत्रा जिवंत असतानाच पशुवैद्याकडून त्वचेचा नमुना घेणं उत्तम. मेल्यानंतर शरीर ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि नमुना जमेल तितक्या लवकर काढा. तो प्रतिजैविक घातलेल्या द्रवात, थंड ठेवून पाठवायचा. जंतू किंवा बुरशी शिरली की पेशी वाढवता येत नाहीत.