ब्याण्णव हजार क्लिक आणि खारी हवा

प्रश्न: दादा, मी मालवणचा. दशावताराचे आणि दांडीच्या किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढतात त्याचे फोटो काढतो, आत्तापर्यंत सगळं मोबाइलवरच. रत्नागिरीचे एक लग्नाचे फोटोग्राफर त्यांचा सोनी ए-सेव्हन थ्री कॅमेरा आणि एक लेन्स विकतायत. म्हणतात शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, फक्त ९२ हजार, लाइफ दोन लाखांचं, म्हणजे अर्ध्याच्या वर शिल्लक. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला, त्यात काउंट शोधला तर काहीच सापडत नाही. घेऊ का? आणि घेतल्यावर कायम सायलेंट मोडवर, म्हणजे शटर न हलवता बिनआवाजी, वापरला तर शटर वाचेल ना?

उत्तर: सापडणारच नाही हो, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं आणि त्यात फोटोच्या पोटातली माहिती, म्हणजे एक्झिफ, गळून जाते. तुम्ही स्वतः जा, तुमचं कार्ड त्यांच्या कॅमेऱ्यात घाला, एक जेपीजी काढा आणि ती फाइल लॅपटॉपवर एक्झिफटूल नावाच्या प्रोग्राममध्ये उघडा, या मॉडेलचा आकडा तिथे दिसतो. फाइलच्या नावातल्या नंबरवर जाऊ नका, तो ९९९९ झाला की परत १ पासून सुरू होतो.

आता ते दोन लाख. कंपनीने टेस्टिंगमध्ये धरलेला आकडा आहे तो, गॅरंटी नाही. कोणाचं शटर त्याच्या आधी जातं, कोणाचं दोन लाखांच्या पुढेही मजेत चालतं. आणि हा कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो, म्हणजे ९२ हजार क्लिक म्हणजे बोट दाबून धरलं तर कागदावर अडीच तासांचंच काम! त्यामुळे लग्नवाल्याकडे ९२ हजार हा आकडा मला भयंकर वाटत नाही, उलट कमीच वाटतो, आणि तिथेच मी विचारेन की काका, व्हिडिओ किती केलेत यावर? कारण व्हिडिओ चालू असताना शटर उघडंच राहतं, तासन्‌तास शूट केलं तरी काउंट हलत नाही. मग झीज दुसरीकडे दिसते. मायक्रो एचडीएमआयच्या भोकात केबल घालून जरा हलवून बघा, मॉनिटर लावून लावून ते ढिलं झालेलं असतं.

शटरची टेस्ट दिवसाउजेडीच करा, एलईडी खाली नको, नाहीतर दिव्याचे पट्टे दिसतील आणि तुम्ही शटरला दोष द्याल. मेनूत ई-फ्रंट कर्टन शटर म्हणून सेटिंग आहे ते आधी बंद करा, हे बहुतेक लोक विसरतात. शटरला दोन पडदे असतात, एक उघडतो आणि दुसरा झाकतो, आणि ते सेटिंग चालू असलं की पहिला पडदा हलतच नाही, त्याचं काम सेन्सर करतो, म्हणजे तुम्ही अर्धंच शटर तपासता. मग चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर १/४००० आणि १/८००० सेकंदाच्या शटर स्पीडला वीसेक फोटो घ्या. एका कडेला काळपट पट्टा, किंवा एक फोटो उजळ एक अंधारा, असं दिसलं की पडदे एका चालीने पळत नाहीयेत. फ्लॅश असेल तर १/२५० लाही दोनचार घ्या. शेवटी लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ १६ वर, मोकळ्या आभाळाचा एक, सेन्सरवरचे डाग कळतात.

पण खरं सांगू, आपल्या किनारपट्टीत मी काउंटच्या आधी कॅमेरा उलटा करतो. माझा पहिला सेकंडहँड मिररलेस असाच घेतला होता, काउंट १८ हजार, मी खूश! घरी आणल्यावर बघतो तर ट्रायपॉडच्या आट्यांत हिरवट पूड आणि हॉटशूच्या, म्हणजे वर फ्लॅश लावतात त्या खाचेच्या, पट्टीखाली तांबूस गंज, म्हणजे महाशय प्री-वेडिंगसाठी लाटांत उभे राहिलेले. पहिल्याच पावसाळ्यात शटर अर्ध्यात अडकायला लागलं आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तर स्क्रूंची डोकी, पट्ट्याच्या कड्या, बॅटरीच्या खणातली धातूची टोकं, लेन्स लागते ती रिंग, सगळं टॉर्च मारून बघा. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, ती लेन्स फुकट दिली तरी बाकीच्या सामानात ठेवू नका. गंज नसेल आणि भिंत एकसारखी आली तर ९२ हजारवाला बिनधास्त घ्या, फक्त शटर बदलायचा खर्च आधी विचारून ठेवा आणि भावात तेवढं ओढा.

सायलेंटचं म्हणाल तर शटर वाचतं, खोटं नाही. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचतो, दशावताराच्या मंचावर एलईडी असले की संकासुराच्या तोंडावर आडवे पट्टे येतील, आणि रापण ओढणाऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवलात तर मागचे माड तिरके. तिथे सायलेंट बंद करून ई-फ्रंट कर्टन परत चालू करा, आवाज थोडा होईल, पण मृदंग आणि झांजेपुढे तो कोणाला ऐकू येतोय!