आधी दाराखालून बघा

मागच्या अंकात जुन्या कॉम्प्युटर गेम्सबद्दल लिहिताना ‘स्वॅट ४’चं नाव मी ओझरतं घेतलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेचं सदर त्यालाच देते आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकी पोलिसांच्या विशेष पथकाचा हा खेळ २००५ साली बॉस्टनच्या इरॅशनल गेम्सनं बनवला आणि सिएरा या प्रकाशन कंपनीच्या नावानं तो बाजारात आला. तुम्ही पाच जणांच्या पथकाचे प्रमुख. हाताखाली दोघं लाल तुकडीत, दोघं निळ्या तुकडीत. मोहिमा 13.

ताई, मी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळत मोठा झालो. मित्राच्या आग्रहावरून स्वॅट ४ घेतला. एका मोहिमेत सगळे गुन्हेगार उडवले, ओलिसाला खरचटलंसुद्धा नाही, तरी गुण इतके कमी की पुढचं दार उघडेना. नेम चांगला असण्याची शिक्षा का?
— एक वाचक, पिंपरी

तुझा राग मला ओळखीचा आहे. 2006 मध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात राजारामपुरीत सायबर कॅफे चालवायचो. मशीन सहा. एकावर बिलं आणि लोकांचे अर्ज, बाकीची पाच लॅनवर, म्हणजे एकमेकांना तारेनं जोडलेली. स्वॅट ४ मध्ये पाच जण मिळून खेळता येतं, म्हणजे आमच्या कॅफेच्या मापाचाच खेळ म्हणायचा. इंजिनिअरिंगची पोरं संध्याकाळी यायची. त्यातल्या एकाचा काउंटर-स्ट्राइकमध्ये अख्ख्या राजारामपुरीत हात धरणारा कुणी नव्हता. पेट्रोल पंपावरच्या दुकानातली दरोड्याची मोहीम, क्विक फ्युएल, लावली. तो सगळ्यांच्या पुढे. एक दरोडेखोर पाठ करून कपाटांमागे पळत होता, त्यानं एका गोळीत आडवा केला. खुर्च्यांवर जल्लोष. शेवटी निकालाचा पडदा आला आणि त्यावर ‘प्राणघातक बळाचा अनधिकृत वापर’ अशा अर्थाची ओळ. गुण कापलेले. तो चिडला, हेडफोन ठेवला आणि आठवडाभर फिरकला नाही.

त्या आठवड्यात मी हा खेळ नीट समजून घेतला. इथे तुम्ही सैनिक नाही, पोलीस आहात. समोरच्यानं तुमच्यावर किंवा ओलिसावर हत्यार रोखलं असेल तरच गोळी झाडायचा अधिकार. तो पळतोय, गोंधळलाय, बंदूक हातात आहे पण नळी जमिनीकडे आहे, अशा वेळी आधी ओरडून हत्यार टाकायला सांगायचं. ओरडण्यासाठी वेगळी कळच दिलेली आहे आणि अनुभवी खेळाडू बंदुकीच्या घोड्यापेक्षा तीच जास्त दाबतात. जिवंत पकडलेल्या संशयिताचे गुण मेलेल्यापेक्षा जास्त. शिवाय प्रत्येकाला बेड्या, मग तो गुन्हेगार असो की भेदरलेला गिऱ्हाईक; प्रत्येकाची कंट्रोल रूमला रेडिओवर खबर; खाली पडलेलं प्रत्येक हत्यार उचलायचं. सोप्या पातळीला गुणांची अट नाही. नॉर्मलला 50, हार्डला 75 आणि एलिटला 95 गुण मिळाल्याशिवाय मोहीम पार पडली असं धरत नाहीत.

तेव्हा नेमाची शिक्षा नाही रे. समोरचा माणूस अजून काय करू शकतो याची वाट न बघण्याची ती शिक्षा आहे. एकच कर. पुढच्या डावात मुख्य हत्यार म्हणून पेपरबॉल गन घे. मिरपुडीच्या गोळ्या मारते, माणूस डोळे चोळत खोकत बसतो. जोडीला रबरी गोळ्या उडवणारा स्टिंगर ग्रेनेड आणि ऑप्टिवाँड घे. ऑप्टिवाँड म्हणजे काठीच्या टोकाला कॅमेरा. दाराखालून सरकवला की आत कोण, कुठे, कुणाच्या हातात काय, सगळं दिसतं. आमचा तो नेमबाज आठवड्यानं परत आला तेव्हा मी त्याच्या हाती हेच दिलं होतं. नंतर तो दारापाशी इतका वेळ वाकून बसायचा की मागची चौघं ओरडायची.

साथीदार फार मठ्ठ वाटतात. दारात अडकतात, माझ्या बंदुकीसमोर येतात. जुन्या गेमचं एवढं कौतुक करणाऱ्यांना हे दिसत नाही का?
— एक वाचक, संभाजीनगर

दिसतं. दारात अडकण्याबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. अरुंद बोळात चौघं एकमेकांच्या पायात येतात आणि तुम्ही दार अडवून उभे राहिलात तर निमूट थांबून राहतात. बंदुकीसमोर येण्याचा दोष मात्र बऱ्याचदा आपलाच असतो. पथकाला आत घुसा असं सांगून आपणही त्यांच्याबरोबर घुसतो, तिथे गाडं बिघडतं.

खोलीत आधी कुणी शिरायचं ते ठरवा. पथकाला पाठवायचं असेल तर स्वतः दोन पावलं मागं बाजूला राहा आणि दुसऱ्या दाराकडे लक्ष ठेवा. त्यांचं खोलीत शिरणं एकदा नुसतं बघा. दार फोडणं, डोळे दिपवणारा फ्लॅशबँग आत टाकणं, एक डावीकडे, एक उजवीकडे, कोपरे वाटून घेणं, ओरडणं, बेड्या घालणं. 2005 च्या खेळात संगणकाच्या माणसांनी हे इतकं शिस्तीत केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. साधारण खेळात साथीदार शोभेला असतात. इथे मी एलिट पातळीवर खोल्याच्या खोल्या त्यांच्या भरवशावर काढल्या आहेत.

आणखी एक. लाल आणि निळी तुकडी वेगवेगळ्या दारांवर लावता येते. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या हेल्मेटच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडतं आणि त्या चित्रातूनच हुकूम देता येतो. बहुतेक जण ही सोय शिकायचा कंटाळा करतात आणि चौघांना मेंढरांसारखे मागे ओढत फिरतात. मग मठ्ठ वाटणारच. मागची दारं बंद ठेवायला पाचर मिळते, तीही वापरत चला. पाठीमागून येणाऱ्या निम्म्या गोळ्या तिथेच थांबतील.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. संशयित आणि ओलीस प्रत्येक डावात जागा बदलतात, त्यामुळे पाठ करूनही जाता येत नाही. 40 मिनिटं जपून खेळावं आणि शेवटच्या मोरीत कुणीतरी बसलेला निघावा. हे हवंच, नाहीतर दारापुढे छातीत धडधडणार नाही, असं मानणारे खूप आहेत. मी अर्धीच सहमत आहे. नोकरी, घर, मुलं सांभाळून खेळणाऱ्याला तो पाऊण तास सहज मिळत नाही.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. त्याचा मामा म्हणतो, हा गेम संयम शिकवतो, खेळू दे. मला पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?
— एक आई, सांगली

तुम्ही म्हणता ते बरोबर, थांबा. संयमाबद्दल मामांचं म्हणणं खोटं नाही, वर मीही तेच लिहिलं आहे. पण अमेरिकेत या खेळाला 17 वर्षांपुढचा शेरा आहे आणि तो योग्य आहे. एका मोहिमेत एका पंथाच्या लोकांनी ताबा घेतलेली पडकी इमारत आहे. तिच्या तळघरात जे सापडतं ते लहान मुलांशी संबंधित आहे. मी तेव्हा तिशीला टेकले होते, तरी त्या रात्री कॅफेचं शटर ओढताना हात गार होते. चौदाव्या वर्षी ते बघायची काही गरज नाही. मामांना सांगा, भाचा 17-18 चा झाला की शेजारी बसून दोघं खेळा. प्रत्येक गोळीनंतर ‘ही झाडायला हवी होती का?’ असं त्याला विचारता येईल. तोवर कोडी, बांधकाम, शर्यती, पुष्कळ काही आहे.

जुना घ्यावा की ‘रेडी ऑर नॉट’? आणि जुना आता नव्या लॅपटॉपवर चालतो का?
— दोघे रूममेट, हिंजवडी

चालतो. 2017 च्या जानेवारीत तो जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर गोल्ड आवृत्ती म्हणून परत आला. त्यात 2006 ची ‘द स्टेचकॉव्ह सिंडिकेट’ ही पुरवणीही आहे, म्हणजे आणखी 7 मोहिमा. चित्र आजच्या रुंद पडद्यावर नीट बसवायला सेटिंगच्या फाइलमध्ये रुंदी-उंचीचे आकडे हातानं बदलावे लागतात. बदलण्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवा. ऑनलाइन खेळाडू शोधून देणारी गेमस्पायची सेवा 2014 मध्ये बंद पडली, पण चाहत्यांनी पर्याय उभा केला. एकदा मूळ खेळ संपवलात की ‘एलिट फोर्स’ हा फुकटचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली सुधारित भर, जरूर लावा. हत्यारं आणि हुकूम दोन्ही वाढतात.

‘रेडी ऑर नॉट’ 2021 च्या डिसेंबरमध्ये अर्धवट अवस्थेत विकायला आला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाला. तो उघड उघड स्वॅट ४ चा वारस आहे. लाल-निळ्या तुकड्या, पाचर, दाराखालचा आरसा, ओरडणं, बेड्या, सगळं तिथून आलेलं. दिसायला कितीतरी सरस, दारंसुद्धा जराशी फट ठेवून उघडता येतात. दोघंच खेळणार असाल आणि लॅपटॉप दणकट असेल तर तो घ्या, माझी हरकत नाही. पण मला विचाराल तर आधी जुना. नव्यात संशयित फार झटपट आणि फार अचूक गोळी मारतात, त्यामुळे नवखा खेळाडूही आधी गोळी मारायला शिकतो. जुन्यात समोरचा घाबरतो, बंदूक खाली करतो, पुन्हा उचलतो, पळ काढतो. त्या घालमेलीच्या दोन-तीन सेकंदांत सगळा खेळ आहे, आणि तो तुम्हाला आधी अनुभवायला मिळावा असं मला फार वाटतं.

तुमची सर्वांत आवडती मोहीम कोणती? आमच्या ग्रुपमध्ये सगळे हॉस्पिटलची म्हणतात.
— एक वाचक, डोंबिवली

हॉस्पिटल चांगली आहे, पण पसारा मोठा. माझं मत दुसऱ्या मोहिमेला, फेअरफॅक्सच्या घराला.

साधं घर. लॉरेन्स फेअरफॅक्स नावाचा माणूस मुलींना पळवून मारतो असा संशय, त्याला पकडायचं आणि एक मुलगी अजून जिवंत असेल तर सोडवायची. घरात त्याची म्हातारी आईसुद्धा आहे. बस. टोळी नाही, बॉम्ब नाही. आत शिरलं की कचरा, जुनी वर्तमानपत्रं, कोंदट अंधार. तळघरात जसजसं उतरावं तसतसं कळत जातं की या घरात काय चालायचं. भिंतीवर प्लास्टरचे चेहरे. कुणी काही समजावून सांगत नाही, सामान बोलतं. बनवणारी मंडळी तीच, ज्यांनी 1999 मध्ये ‘सिस्टिम शॉक २’ आणि 2007 मध्ये ‘बायोशॉक’ केला. भीती खोलीच्या मांडणीत कशी भरायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, ते या घरात दिसतं.

आमच्या कॅफेत हे घर पहिल्यांदा उघडलं तेव्हा पाचही जण गप्प झाले होते. एरवी ‘ए हात वर कर की रे’ असा कोल्हापुरी दंगा चाले. त्या दिवशी सगळे नुसते श्वास घेत होते. गोळीही फारशी चालली नाही. मला सर्वांत लक्षात राहिली ती म्हातारी. ती ऐकत नाही, पोराची बाजू घेऊन भांडते, आणि नियम सांगतो की तिलाही बेड्या घालायच्या. माझ्या भावानं तिच्यासमोर बंदूक खाली केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘हिलापण?’ मी म्हटलं, हिलापण, आणि हळू. आज तो चाळिशीचा आहे. परवा फोनवर बोलताना त्यानं याच घराची आठवण काढली आणि म्हणाला, तायडे, पुढच्या महिन्यात येतोय, दोन लॅपटॉप आणतो, तळघर मी घेतो, आजीला तू सांभाळ.

तुमच्या ग्रुपला सांगा, हॉस्पिटलनंतर एकदा या घरात परत जा. रात्री, हेडफोन लावून, एलिटवर. जिन्याखालच्या दारापाशी ऑप्टिवाँड लावायला विसरू नका.