या पावसात झाडं लावू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. वाढदिवसाला ऑफिसातल्या मित्रमंडळींना घेऊन आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवर शंभर रोपं लावायची, आणि कुठली लावायची ते मी सांगायचं. उत्तर मेसेजात मावेना म्हणून हे पत्र. थोडक्यात हवं असेल तर, यंदा एकही लावू नकोस. रागाव हवं तर, पण पुढचं वाच.

तू टेकडीवर यायला लागून दीड महिना झाला, आणि तोही एप्रिलअखेर ते जूनचा. म्हणजे टेकडी तू फक्त उघडीबोडकी पाहिली आहेस. सालई, मोई, गणेर यांच्या नुसत्या काटक्या, गवत वाळून मातीला मिळालेलं, खाणीतलं पाणी तळाला. अशा दिवसांत कुणालाही वाटतं, अरेरे, इथे काहीच नाही, काहीतरी लावायला हवं. मलाही वाटलं होतं.

वीसेक वर्षं झाली असतील. आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट होता. एका मोकळ्या माळावर आम्ही तीस खड्डे घेतले. पहारीने मुरूम फोडत होतो तर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती किंचाळत होती. "हिला आज काय झालंय?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसलो. मीही हसले. निघताना पाहिलं, एका ढिगाऱ्याच्या कडेने काहीतरी पिवळसर, चिकट ओघळलं होतं. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची अंडी घालते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या तीस रोपांपैकी पुढच्या होळीला चार जिवंत होती. त्यातले दोन गुलमोहर, म्हणजे मूळचे मादागास्करचे.

त्या वेळी वर शेळ्या आणणारे एक काका होते. त्यांना मी तक्रारीच्या सुरात म्हटलं की तुमच्या शेळ्यांनी आमची रोपं खाल्ली. ते बिडी विझवत म्हणाले, "ताई, इथं गवतच होतं की. तुम्हाला कुणी सांगितलं इथं झाडं पायजेत म्हणून?" मला राग आला होता. उत्तर मात्र सुचलं नाही, आजही सुचत नाही.

गवताचं एक दाखवते तुला. दिवाळीनंतर त्या माळावरून चालून आलीस की मोज्यात कुसळं अडकतील. त्यातलं एक उपटून तळहातावर ठेव. खाली सुईसारखं टोकदार बी, वर पीळ घातलेली काळसर शेपटी. त्यावर पाण्याचा एक थेंब सोड आणि हात हलवू नकोस. थोड्याच वेळात शेपटी पीळ सोडत गोल फिरायला लागते. वाळली की पुन्हा पीळ घेते. असं ओलं-कोरडं होत होत ते बी स्वतःला जमिनीत पिळून घेतं. त्याला खड्डा लागत नाही, पहार लागत नाही, वाढदिवसही लागत नाही. चंडोल, टिटव्या, तित्तर यांचा संसार याच गवताच्या आणि माळाच्या भरवशावर चालतो. तिथे झाडांची दाटी झाली की सावलीत गवत जातं, आणि गवताबरोबर हेही जातात.

चुकलेल्या लागवडीचं मोठं उदाहरण तू रोज बघतेस. चढावरचं ते एकसारखं हिरवं रान गिरिपुष्पाचं आहे, खेड्यातले लोक त्यालाच उंदीरमारी म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेचं. पुण्याच्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून ते लावलं गेलं, आणि झाल्याही हिरव्या! फक्त त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. आता मी त्याला इतकी वर्षं शिव्या घालतेय, तर परवा त्याच्याच पाचोळ्यात नवरंग पक्षी पानं उलटीपालटी करून किडे शोधत होता. दहा पावलांवर. मी गप्प उभी राहिले. टेकडीबद्दल एखादं मत पक्कं झालं की ती असं काहीतरी करते.

म्हणून म्हणते, आधी वर्षभर चाल. रोज नवी वाट धरू नकोस, एकच धर. तू म्हणालीस तेच तेच बघून कंटाळा येतो. येईल, पहिले दोन महिने. वाटेवरची दोन झाडं ठरव आणि रोज त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांब. एक सालई घे, कागदासारखे पापुद्रे सुटणारी तिची साल सहज ओळखू येते. दुसरी गणेर घे. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगावर पान नसताना ती पिवळीधमक फुलते. वहीत लिही, मोबाइलमध्ये नको. मोबाइल काढलास की फोटो काढशील, आणि फोटो काढला की बघणं संपलं. माझ्या वहीत फार काही नसतं. "12 फेब्रुवारी, गणेरीला पहिलं फूल." "29 मे, नवरंगाची शीळ, दोनदा." "मृगाचा किडा, देवळाच्या खाली, लालभडक, पाच."

या वहीचा उपयोग काय, असं मला घरचेही विचारायचे. 2023 मध्ये टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे नेण्याच्या बेताविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. मीही होते. चालताना एका मुलाने विचारलं, "आजी, वर आहे तरी काय एवढं?" वही होती म्हणून चार वाक्यं धड बोलता आली. नाहीतर "हिरवळ आहे, ऑक्सिजन आहे" एवढंच म्हणाले असते.

माणसंही बघ. मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका काटकी मोडून झाड सांगतात, मोई मला त्यांनी शिकवली. स्पीकरवर गाणी लावून चालणाऱ्यांशी भांडत बसू नकोस, दहा मिनिटं थांबून त्यांना पुढे जाऊ दे. मोरांना दाणे टाकणाऱ्यांना मात्र सांगून बघ, माझं कुणी ऐकलेलं नाही. आणि ते एक गृहस्थ, जे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन चढ चढतात, त्यांची ओळख करून घे. दुसऱ्यांनी लावून सोडून दिलेल्या रोपांना ते पाणी घालतात. जूनमध्ये फोटोला शंभर जण असतात, एप्रिलमध्ये कॅन उचलायला दोघे. तुझ्या ऑफिसच्या मंडळींना खरंच काही करायचं असेल तर फेब्रुवारी ते मे, दर रविवारी, एकेक कॅन. वनजमिनीवर खड्डे घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, कॅन उचलायला लागत नाही. लावायची हौस फारच असेल तर तुझ्या सोसायटीच्या आवारात एक बहावा लाव आणि तीन वर्षं सांभाळून दाखव.

हे सगळं तुला फार कडू वाटलं असेल. शेळीवाल्या काकांचं बोलणं मलाही तसंच वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात त्या जुन्या माळावर टिटवीची जोडी दिसली. आमचे खड्डे आता बुजलेत, नुसते खळगे राहिलेत. शनिवारी सव्वासहाला वेताळाच्या देवळापाशी ये, लांबूनच दाखवते. ओरडायला लागली तर आपण मागे फिरायचं. आणि चपला घालून येऊ नकोस, बूट घाल. पाऊस पडलाय, फुरशांचे दिवस आहेत.

तुझी,
मावशी