मानववंशशास्त्राच्या इंग्रजी मजकुरासाठी नॉर्वेजियन अनुवादक कुठे शोधावा?

सरकारमान्य शिक्का असलेला अनुवादक शोधत बसू नका, हे आधी सांगतो. नॉर्वेत ‘स्टात्सआउटोरिसेर्ट ट्रान्सलाटोर’ ही मानाची पात्रता आहे, पण तिची गरज पडते करारनामे, दाखले, न्यायालयीन कागदपत्रं यांसाठी. एथ्नोग्राफीला, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या जगण्याबद्दल केलेल्या लेखनाला, त्या शिक्क्याचा काडीचा उपयोग नाही.

यावरून माझं एका प्रकल्पप्रमुखांशी चांगलंच वाजलं होतं. उत्तर नॉर्वेतल्या मच्छीमार वस्त्यांवरचं इंग्रजी पुस्तक नॉर्वेजियनमध्ये आणायचं होतं, आणि अनुवाद तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी ते एका एजन्सीला दिलं. अनुवादक तेल आणि जहाजवाहतुकीचे करार करणारा, व्याकरण चोख. पण मुलाखती मुळात नॉर्वेजियनमध्येच, तिथल्या बोलीत झालेल्या. लेखिकेने त्या इंग्रजीत आणल्या होत्या आणि या गृहस्थांनी त्या इंग्रजीवरून पुन्हा नॉर्वेजियन केल्या. उभा जन्म मासेमारीत गेलेली बाई सरकारी परिपत्रकासारखी बोलायला लागली! ध्वनिमुद्रणं लेखिकेकडे होती, कुणी मागितलीच नाहीत. हे पुस्तक त्याच वस्त्यांमध्ये वाचलं जाणार, असं मी म्हटलं, तर प्रमुख म्हणाले, “अर्थ तोच आहे ना?” नाही, तोच नाही. माणूस कसा बोलतो हाच तिथे पुरावा असतो. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही तेच सांगेन.

तर शोधायचं कुठे? ओस्लो, बर्गन, ट्रॉन्डहाइम आणि ट्रॉम्सो इथल्या विद्यापीठांत सामाजिक मानववंशशास्त्र शिकवतात. तिथे पीएचडी करणाऱ्यांना आणि करून बाहेर पडलेल्यांना विचारा. ‘नॉर्स्क आंट्रोपोलोगिस्क टिड्सस्क्रिफ्ट’ या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रीय नियतकालिकाचे जुने अंक चाळा आणि ज्याचं गद्य आवडेल त्याला लिहा. वैचारिक पुस्तकांचे अनुवादक हवे असतील तर एनएफएफओ ही लेखक-अनुवादकांची संघटना आहे. नॉर्वेजियनची दोन लेखी रूपं आहेत, बोकमोल आणि नीनोर्स्क; त्यांतलं कुठलं हवं, हे पहिल्याच पत्रात सांगा, कारण दोन्ही सफाईने लिहिणारे थोडे. नमुन्यासाठी सिद्धान्ताचं पान देऊ नका, मुलाखतीचं द्या. आणि त्याचे पैसे द्या, फुकट नमुना मागणाऱ्यांची मला चीड आहे.

मूळ मुलाखती, नॉर्वेजियन संदर्भग्रंथांतली मूळ अवतरणं अनुवादकाच्या हाती सुरुवातीलाच पडली पाहिजेत. मुलाखतींतली नावं-गावं मात्र आधी काढून टाका. लोकांनी संमती संशोधकाला दिलेली असते, अनुवादकाला नाही.

तुमचं काम नुसता गोषवारा किंवा परिषदेचं पत्रक एवढंच असेल तर यातलं काही लागू नाही, कुठलाही चांगला अनुवादक चालेल. शिवाय सगळे मानववंशशास्त्रज्ञ चांगलं लिहितात असंही नाही. विषय जाणणारा पण बोजड लिहिणारा मिळाला तर त्यालाच घ्या आणि वर एक भाषा-संपादक नेमा. त्याचा खर्च प्रकल्पाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच धरा, नंतर कुणी देत नाही.