गंभीर चेहऱ्याची गंमत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या पल्प मासिकांतील गुप्तहेरकथांचे विडंबन करणारे एक नाटक नुकतेच पाहिले. लांब कोटातला गुप्तहेर, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, सिगारेटचा धूर आणि प्रत्येक वाक्यात तीन-तीन उपमा, असा सगळा भडक मामला होता. माझ्या डावीकडचे गृहस्थ डोळे पुसत हसत होते, उजवीकडच्या बाई मध्यंतरातच उठून गेल्या, आणि मी चार-पाच ठिकाणी हसलो तेवढेच. नाटक वाईट होते की माझी विनोदबुद्धी कमी पडली?

उत्तर : आपल्या विनोदबुद्धीबद्दल शंका घेऊ नये. विडंबनाला मिळणारा हशा हा ओळखीचा हशा असतो. ज्याने मूळ वाचले आहे त्याला नक्कल दिसते. ज्याने वाचलेले नाही त्याला समोर केवळ एक विचित्र बोलणारा माणूस दिसतो.

म्हणून मूळ काय होते ते थोडे सांगतो. १८९६ साली फ्रँक मन्सी या अमेरिकी प्रकाशकाने ‘आर्गोसी’ हे मासिक निव्वळ कथांचे केले आणि ते लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदावर छापायला सुरुवात केली. या लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, आणि कागदाचे हे नाव पुढे त्यावर छापल्या जाणाऱ्या साहित्यालाच चिकटले. १९२० साली ‘ब्लॅक मास्क’ आले, १९२३ साली ‘वीअर्ड टेल्स’ आले, आणि गुप्तहेर, भुते, परग्रहावरचे राक्षस यांचे पीकच आले. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि झगझगीत रंगांचे असे, आतला कागद मात्र आम्लयुक्त. आज असा अंक हाती आला, तर पान उलटताना त्याचा कोपरा तुटून बोटांत येतो आणि मांडीवर तपकिरी भुकटी सांडते. लेखकाला मोबदला शब्दांवर मिळे, अनेकदा शब्दामागे एखादा सेंट. शब्द मोजून पैसे मिळत असतील तर रात्र नुसती काळी राहत नाही, ती खुन्याच्या मनासारखी काळी होते आणि वर ओलीही होते. आपण मोजलेल्या तीन उपमांची मुळे बऱ्याच अंशी या हिशेबात आहेत. डावीकडच्या गृहस्थांनी अशी वाक्ये कधीतरी लहानपणी खऱ्याखुऱ्या भीतीने वाचली असावीत, आणि त्यांचे निम्मे हसू त्या आठवणीला आलेले असावे.

उजवीकडच्या बाईंचे उठून जाणेही मला समजू शकते. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ साली ‘कॅम्प’ या, म्हणजे भडक आणि अतिरेकी गोष्टींत गंमत शोधणाऱ्या, अभिरुचीवर जी प्रसिद्ध टिपणे लिहिली, त्यांत त्यांनी दोन प्रकार मानले आहेत. एक नकळत घडलेला, म्हणजे करणाऱ्याने अगदी मनापासून, गांभीर्याने काही करावे आणि ते अतिरेकामुळे गमतीदार व्हावे. दुसरा जाणूनबुजून केलेला. पहिला अस्सल आणि दुसरा सहसा तितके समाधान न देणारा, असे त्यांचे मत होते. शेजारी बसून कोणी सारखे कोपराने ढोसत ‘बघा, हे किती वाईट आहे’ असे सांगत राहावे, तसा अनुभव जाणूनबुजून केलेल्या नाटकात पुष्कळदा येतो. तरीही सोंटॅग यांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करत नाही, कारण विडंबन करणाऱ्याचे मूळ वस्तूवर प्रेम असेल तर ते प्रेम प्रेक्षकापर्यंत पोचतेच. माझी स्वतःची कसोटी अगदी साधी आहे. दुसऱ्या अंकात, एवढे सगळे हसून झाल्यावरही, खुनी कोण हे जाणून घेण्याची उत्सुकता आपल्याला वाटली का? वाटली असेल, तर आपण चार-पाचदाच हसलात याचे काहीही वाईट वाटून घेऊ नये. नाटकाने आपल्याला धरून ठेवले होते.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था अशाच एका प्रहसनाचे प्रयोग करते. पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह डोक्यावर घेतले गेले. तिसऱ्या प्रयोगाला, तेच संवाद, तीच माणसे, आणि प्रेक्षक चिडीचूप. मग कलाकारांनी आवाज चढवले, डोळे विस्फारले, एकाने तर प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारला. तरी हशा नाही. दिग्दर्शक म्हणून मी काय करावे?

उत्तर : डोळा मारणे आधी बंद करावे. या प्रकारच्या नाटकात पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसते, आणि सगळी गंमत त्या न ठाऊक असण्यात साठवलेली असते. गुप्तहेराला ती भिजलेली रात्र खरोखर भयाण वाटली पाहिजे. नटाने ‘मलाही हे हास्यास्पदच वाटते’ असे एकदा सुचवले की प्रेक्षकाला हसण्यासारखे काही उरत नाही, कारण त्याचे काम नटानेच करून टाकलेले असते.

एका तालमीत पाहिलेली गोष्ट सांगतो. पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या एका अभिनेत्रीच्या खोट्या मिशीचे एक टोक ऐन उलटतपासणीत सुटले. तिने संवाद थांबवला नाही. विचारात पडल्यासारखे एक बोट ओठावर ठेवले, टोक दाबून धरले आणि ते बोट न काढता संशयिताला पुढचे सगळे प्रश्न विचारले. बोटामुळे उच्चार किंचित दबत होते, पण चेहऱ्यावरची जरब तसूभरही कमी झाली नाही. समोर बसलेल्या आम्हा सात-आठ जणांना हसून श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग मुद्दाम बसवायचे ठरले, मिशी ठरल्या वेळी सुटली, आणि कोणालाही हसू आले नाही. चार दिवसांनी त्या अभिनेत्रीलाच कारण सापडले: पहिल्या दिवशी ती मिशी वाचवत होती, आता ती मिशी दाखवत होती. तिने पुन्हा वाचवायला सुरुवात केली आणि गेलेला हशा परत आला. आपल्या कलाकारांनी प्रत्येक प्रवेशात आपले पात्र काय वाचवू पाहते आहे, अब्रू, जीव की मिशी, हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट प्रेक्षागृहाची. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसन यांनी १९०० साली हास्यावर लिहिलेल्या निबंधात म्हटले आहे की हसण्याला प्रतिध्वनी लागतो, आपले हसणे नेहमी समूहाचे हसणे असते. तिसऱ्या प्रयोगाला माणसे कमी होती का आणि जी होती ती विखरून बसली होती का, हे आपण लिहिलेले नाही, पण ते तपासावे. दोनशे माणसे पुढच्या रांगांत खांद्याला खांदा लावून बसली तर जो हशा पिकतो, तो त्याच दोनशे माणसांना सहाशे खुर्च्यांत पसरल्यावर पिकत नाही. थोडे आर्जव करून लोकांना पुढे बसवण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट लाफ्टर घेण्याची. हशा शिगेला पोचून उतरणीला लागला की पुढचे वाक्य टाकावे. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रयोगाची गती मरते. चढत असतानाच बोललात तर लाफ्टर खाल्ला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा संवाद ऐकायचा राहू नये म्हणून प्रेक्षक हसू दाबायला शिकतात. पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीन लाफ्टर असे खाल्ले गेले तर ते प्रेक्षागृह सहसा रात्रभर गप्प राहते. तिसऱ्या प्रयोगात पहिल्या प्रयोगाच्या हशांच्या जागा धरून ठेवून, तिथे न आलेल्या हशासाठी कोणी थांबले होते का, हेही विचारून पाहावे. शांतता म्हणजे कंटाळाच, असे मात्र समजू नये. खोकले आणि खुर्च्यांची करकर ऐकावी. ती नसेल तर लोक कथेत गुंतलेले आहेत आणि नटांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी पाहिलेल्या विडंबनात पूर्वेकडून आलेला एक कपटी खलनायक होता, लांब नखांचा आणि तुटक बोलणारा. सगळे हसले, मीही हसले. घरी परतताना मात्र मनाला लागून राहिले. जुन्या कथा तशाच होत्या, म्हणून हे चालते का?

उत्तर : जुन्या कथा तशा होत्या हे खरे आहे. १९१३ साली फू मांचू या कपटी चिनी खलनायकाचे पहिले पुस्तक आले आणि त्यानंतर या साच्यातले खलनायक पल्प मासिकांत वर्षानुवर्षे वावरत राहिले; चिनी स्थलांतरितांबद्दल पाश्चात्त्य समाजात पसरलेल्या भीतीवर त्यांचे पोषण झाले होते. पण मुळात तसे होते एवढ्यावर विडंबनाची सुटका होत नाही. हशा कोणावर येतो ते पाहावे लागते. पडछाया पाहूनच थरथर कापणारा, चहाच्या पेल्यातही कट शोधणारा गोरा नायक हास्यास्पद ठरत असेल, तर नाटकाने त्या भीतीचे विडंबन केले. नुसत्या उच्चारांवर आणि नखांवर लोक हसत असतील, तर नाटकाने जुनी कथा पुन्हा सांगितली, विडंबन केलेच नाही. आपण केलेल्या वर्णनावरून हे दुसरे घडले असावे.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्यावर लोक हसत आले होते, त्यांनीच कॅम्प विनोद रंगभूमीवर वाढवला. न्यूयॉर्कमध्ये तो मुख्यतः समलिंगी कलावंतांच्या छोट्या रंगमंचांवर रुजला. १९५०च्या दशकातील अमेरिकी स्वस्त कादंबऱ्यांत एकमेकींवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या कथा खूप खपत, पण शेवटी त्यांच्यापैकी एकीला वेड लागे, मृत्यू येई किंवा ती पुरुषाशी लग्न करून मोकळी होई; सुखान्त छापला तर टपालखाते पुस्तके जप्त करील, ही प्रकाशकांची धास्ती त्यामागे होती. अशा शेवटाचे विडंबन रंगमंचावर होते तेव्हा काही प्रेक्षक हसता हसता रडतात, आणि त्यांना दोन्हींचा पूर्ण अधिकार आहे. आपण हसलात याची लाज बाळगू नये. समूहाचे हसू माणसाला ओढून नेते. परंतु घरी परतताना जे वाटले ते त्या नाट्यसंस्थेला पत्राने अवश्य कळवावे. रोजच्या हशाच्या आवाजात अशी प्रतिक्रिया त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : खलनायक आला की काही प्रेक्षक ‘हिस्स’ असा आवाज काढत होते. हा असभ्यपणा नव्हे का?

उत्तर : या प्रकारात नाही. ‘द ड्रंकार्ड’ हे दारूबंदीचा प्रचार करणारे अतिनाट्य (मेलोड्रामा) १८४४ साली बोस्टनमध्ये आले, तेव्हा लोक ते गांभीर्याने पाहत होते. तेच नाटक १९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये गमतीखातर पुन्हा उभे केले गेले. प्रेक्षक खलनायकाला हिस्स करू लागले, नायकाला ओरडून धीर देऊ लागले, आणि ते १९५९ पर्यंत चालले. हिस्स करणारा प्रेक्षक खेळात सामील झालेला असतो. संवादाच्या मध्येच स्वतःची शेरेबाजी करणारा मात्र इतरांचा प्रयोग बिघडवतो, त्याला शेजाऱ्याने जरूर गप्प करावे.

प्रश्न : सगळ्यात मोठी टाळी एका वाक्याला नव्हे, तर कपडे बदलण्याला पडली. एक नट दारातून नोकर म्हणून गेला आणि क्षणात दुसऱ्या दारातून मालकीण म्हणून आला. एवढ्याशा युक्तीला एवढी टाळी का?

उत्तर : कारण तिथे प्रेक्षकाला एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात: घाईघाईने रचलेली ती स्वस्त कथा आणि ती उभी करण्यासाठी धापा टाकणारा माणूस. अमेरिकी नाटककार व नट चार्ल्स लडलम यांनी १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द मिस्टरी ऑफ इर्मा व्हेप’ हे नाटक याच पायावर उभे केले. जुन्या भयकथांची सगळी सामग्री त्यात आहे, आणि सर्व पात्रे, स्त्रिया व पुरुष दोन्ही, फक्त दोन नट करतात. पॅट्रिक बार्लो यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या हेरकथेच्या विडंबनात चार नट आहेत, लंडनमध्ये ते २००६ ते २०१५ असे नऊ वर्षे चालले. अशा प्रयोगात विंगेत वेशभूषा सांभाळणारी माणसे दोन्ही हातांनी झगा उघडा धरून अंधारात उभी असतात, नट पळत येऊन त्यात हात घालतो, पाठीमागची चिकटपट्टी कोणीतरी दाबते, टोप कोणीतरी बसवते, आणि दार उघडेपर्यंत श्वास आवरायचा असतो. पडदा पडल्यावर काही संस्था या माणसांनाही रंगमंचावर बोलावतात. पुढच्या वेळी तसे झाले तर आपली टाळी त्यांच्यासाठी थोडी राखून ठेवावी.